पुढची चाकं

चिखलासाठी बनवलेली गाडी मुंबईत चिखल न मिळाल्यामुळे बिघडते. ऐकायला हे उलटं वाटेल, पण अँटॉप हिलच्या गॅरेजांमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर थोडा वेळ उभं राहिलं की ते पटतं. फोर-व्हीलच्या पिकअप तेव्हाच तिथं यायला लागतात. वर्षभर हायवेवर, फ्रीवेवर, सिमेंटच्या रस्त्यांवर धावलेल्या, मागच्या दोन चाकांवर संसार केलेल्या गाड्या. पुढच्या चाकांना ओढायला लावणारी यंत्रणा गाडीखाली महिनोन्‌महिने नुसती लटकून राहिलेली असते. मग मोखाड्याच्या किंवा मुरबाडच्या एखाद्या पाड्याच्या चढावर मालक नॉब फिरवतो, डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागतो, आणि पुढची चाकं ढिम्म हलत नाहीत.

अँटॉप हिल, कोकरी आगार, वडाळा हा सगळा पट्टाच गाड्यांचा. ट्रक टर्मिनल इथं, एमएच-03 चं आरटीओ इथं. पासिंगला आलेल्या गाड्यांच्या आधारानं जगणारे वायरिंगवाले, पाटेवाले, रेडिएटरवाले, सीटकव्हरवाले इथंच. डोक्यावर मोनोरेलचे खांब, एका अंगाला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीच्या जुन्या इमारती, आणि पलीकडं खाडी नि मिठागरं. साल्ट पॅन रोड हे नाव अजून पाटीवर आहे. तिकडून येणारा वारा दमट आणि खारा असतो, तो लोखंड खातो. इथल्या मिस्त्रींना गंज बघून गाडी रात्री कुठं उभी राहते हे बऱ्यापैकी सांगता येतं.

माझा भाचा सौर पंपांचं आणि टॉवरचं सामान डोंगरातल्या वाड्या-पाड्यांवर पोचवतो. त्याची पिकअप फोर-व्हीलची. जव्हारच्या अलीकडं एका वळणाच्या चढावर ती अडली आणि शेवटी ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. आधीच्या एका गॅरेजनं ती तपासली, सगळं ठीक असल्याचं सांगितलं, आणि तरीही ट्रान्स्फर केस उतरवून उघडायचा सल्ला दिला. त्या खर्चात गाडीचे दोन-तीन हप्ते सहज गेले असते. मग कुणीतरी अँटॉप हिलच्या या मिस्त्रींचं नाव सुचवलं. मला त्या कामातलं फारसं कळत नव्हतं, पण भाच्याबरोबर गेलो आणि दिवसभर तिथंच रमलो.

मिस्त्री मूळचे खटावकडचे, साठीच्या आसपासचे. गाडी आत घेतल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं नाही की पाना उचलला नाही. स्टुलावर बसून विचारायला सुरुवात केली.

“अडली कुठं ते मागाहून सांगा. त्याच्या आधी फोर-व्हील कधी टाकलं होतं?”

भाच्याला आठवेना. गेल्या पावसाळ्यात कधीतरी.

“दिवा लुकलुकत होता का लागून राहिलेला?”

“लागून राहिलेला.”

“टाकताना खालनं आवाज आला?”

“आला मिस्त्री, नेहमीसारखा. गुर्र करून टक.”

“मधल्या काळात चाकाचं काही काम केलं? बेअरिंग, ब्रेक, टायर? पाण्यात उभी होती का?”

मागचे दोन टायर नवे घातले होते. आणि गेल्या पावसात गांधी मार्केटपाशी गाडी तासभर पाण्यात अडकली होती.

मिस्त्रींनी मान डोलावली. हा सवालजवाब मला फार मोलाचा वाटला. दवाखान्यात जुने डॉक्टर असं विचारत. आता तिथंही आधी तपासण्यांचा कागद हातात पडतो. गॅरेजातही स्कॅनर आलाय, आणि तो वाईट नाही. पण स्कॅनर विजेच्या वाटेवरचा बिघाड सांगतो. शेवटचं फोर-व्हील कधी टाकलं होतं, हे तो विचारत नाही.

आता ही यंत्रणा नेमकी काय असते ते थोडं सांगायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक फोर-व्हील पिकअपमध्ये गिअरबॉक्सच्या मागं आणखी एक पेटी असते, ती ट्रान्स्फर केस. टू-एचवर इंजिनाचा जोर तिथून फक्त मागं जातो. फोर-एच टाकलं की ती पेटी पुढच्या प्रॉपेलर शाफ्टलाही जोडून घेते. फोर-लो टाकलं की वेग साधारण अडीच पट कमी होतो आणि जोर तितकाच वाढतो. त्यासाठी मात्र गाडी थांबवून न्यूट्रल करावी लागते. पुढचा शाफ्ट पुढच्या हाउसिंगमधल्या डिफरन्शियलला फिरवतो, तिथून दोन बाजूंना दोन अर्धे शाफ्ट जातात, आणि त्यांच्या टोकाला हब. हब लागले तर शाफ्ट आणि चाक एक होतात. सुटे असतील तर चाक आपलं मोकळं फिरतं आणि आतलं सगळं निवांत पडून राहतं. डिझेल वाचावं, झीज कमी व्हावी म्हणून ही सोय. काही गाड्यांत हब हातानं फिरवून लावायचे असतात. भाच्याच्या गाडीत ते व्हॅक्यूमवर लागतात. ब्रेकच्या बूस्टरला ज्या पंपाची ओढ मिळते, त्याच पंपावरून बारीक रबरी नळ्या पुढच्या दोन्ही चाकांपर्यंत गेलेल्या असतात.

म्हणजे नॉबपासून चाकापर्यंत बरेच टप्पे. नॉब, फ्यूज, रिले, वायर, मोटर, ट्रान्स्फर केसमधला काटा, शाफ्ट, त्याचे क्रॉस, डिफरन्शियल, व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह, नळी, हब. यातला कुठलाही एक टप्पा निखळला तरी चालकाला दिसतं एकच: पुढची चाकं ओढत नाहीत. हिरवा दिवा यातल्या फक्त मधल्या टप्प्याचा साक्षीदार. ट्रान्स्फर केसमधला काटा सरकला एवढंच त्याला माहीत. तो खरं बोलतो, पण त्याच्या पुढचं त्याला ठाऊक नाही. दिवा लागून राहिला होता आणि टक असा आवाजही आला होता, म्हणजे नॉबपासून काट्यापर्यंतचा अर्धा रस्ता साफ होता. मिस्त्रींनी स्टुलावर बसल्या बसल्या निम्मी गाडी संशयातून सोडून दिली. ज्या ट्रान्स्फर केसवर आधी बोट ठेवलं गेलं होतं, ती त्या सुटलेल्या निम्म्यातच होती.

नंतरची तपासणी मी जवळून पाहिली. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक ओढलेला, पुढचा भाग जॅकवर उचलून खाली घोड्या. हाताखालचा मुलगा, आयटीआयमधून मोटर मेकॅनिक झालेला, ड्रायव्हरच्या सीटवर. त्याला सक्त ताकीद, गिअरला हात लावायचा नाही. गाडी न्यूट्रल, इंजिन चालू, नॉब फोर-एचवर. मिस्त्री आडवे होऊन आत सरकले आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून पाहिला. घट्ट. मागची चाकं जमिनीवर ब्रेकमध्ये अडकलेली, त्यांच्याशी पुढचा शाफ्ट जोडला गेलेला, म्हणून तो हलेना. ट्रान्स्फर केस निर्दोष सुटली.

मग बाहेर येऊन त्यांनी डावं चाक हातानं पुढं फिरवलं. उजवं चाक तितकंच मागं फिरलं. हेच व्हायला हवं होतं. शाफ्ट धरून ठेवला की डिफरन्शियलच्या एका बाजूची चाल दुसऱ्या बाजूला उलटी पोचते. दोन्ही हब लागलेले होते. आधीच्या गॅरेजनंही बहुधा इथपर्यंतच पाहिलं असावं, आणि सगळं बरोबर दिसल्यावर जे दिसत नाही त्याच्यावर संशय घेतला असावा.

मिस्त्री थांबले. हात पुसत भाच्याला म्हणाले, “अडली तेव्हा स्टेअरिंग कुठं होतं?”

वळणाचा चढ. स्टेअरिंग उजवीकडं पूर्ण दाबलेलं.

त्यांनी मुलाला स्टेअरिंग उजवीकडं टोकापर्यंत न्यायला सांगितलं आणि डावं चाक पुन्हा फिरवलं. या वेळी उजवं चाक जागचं हललं नाही. त्याच्या आतला अर्धा शाफ्ट मात्र उलटा फिरत होता, ते त्यांनी बॅटरीच्या उजेडात मला वाकवून दाखवलं. शाफ्ट फिरतोय आणि चाक उभं आहे, म्हणजे मधला हब सुटला. चाकाच्या आतल्या बाजूला, जिथं नळी स्टेअरिंगबरोबर वाकते, तिथं रबर कडक होऊन तडकलं होतं. चाक सरळ असताना तडा मिटलेला, वळवलं की उघडायचा. फट इतकी बारीक की डाव्या बाजूला ओढ पुरत होती, उजव्या टोकाला पुरत नव्हती. हातपंप लावून त्यांनी ते पंपाच्या मापकाच्या काट्यावरही दाखवलं. चाक सरळ, काटा स्थिर. चाक वळवलं, काटा खाली.

एकच हब सुटला होता, मग दोन्ही पुढची चाकं का बसली? माझा हा प्रश्न मिस्त्रींना आवडला. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, आणि एका बाजूला अडवणारं काहीच नसेल तर तो सारखा जोर म्हणजे जवळपास शून्य. उजवा शाफ्ट हवेत गरगरत राहिला, आणि धडधाकट डाव्या चाकाच्या वाट्यालाही काही आलं नाही. साध्या डिफरन्शियलच्या पिकअपला चारही चाकांनी ओढणारी गाडी म्हणतात खरी, पण मोक्याच्या वेळी पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं तर बाकीची दोन नुसती साथीला असतात. म्हणूनच काही गाड्यांत डिफरन्शियल लॉक करायची सोय देतात. विकत घेणाऱ्यानं ते विचारून घ्यायला हवं. शोरूममध्ये टचस्क्रीन किती इंचांचा ते लोक विचारतात.

नळी सापडली म्हणून काम संपलं नाही. पाण्यात उभी राहिल्याचं मिस्त्रींच्या लक्षात होतं. पुढच्या हाउसिंगचा भरणीचा बोल्ट काढून त्यांनी आत बोट घातलं. बोटावर आलेलं तेल दुधाळ होतं, पाणी मिसळलेलं. चाललेल्या गाडीचं हाउसिंग तापलेलं असतं. ते अचानक गार पाण्यात बुडलं की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदरमधून, सीलच्या कडेतून पाणी आत ओढलं जातं. फोर-व्हीलची पिकअप खोल पाण्यात जाण्यासाठीच असते असं समजून लोक बिनधास्त घालतात, पण ती पाण्यातून पार जाण्यासाठी असते, पाण्यात उभी राहण्यासाठी नव्हे. 26 जुलै 2005 ला सांताक्रुझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर कित्येक दिवस असं दुधाळ तेल काढण्याचंच काम होतं, असं मिस्त्री सांगतात. इंजिनात पाणी गेलं की ते लगेच कळतं, गाडी बंद पडते. हाउसिंगमध्ये गेलं तर कळत नाही. बेअरिंगवर गंज धरतो, क्राऊन-पिनियनच्या दातांवर खड्डे पडतात, आणि सहा महिन्यांनी घरघर सुरू होते तेव्हा पावसाची आठवण कुणालाच नसते.

खालच्या ड्रेन बोल्टला चुंबक असतं. त्याच्यावर करड्या रंगाचा मऊ लेप जमला होता. तो दोन बोटांत चोळून मिस्त्री म्हणाले, “हा चालेल. यात कण लागला असता तर उघडावं लागलं असतं.” लेप ही रोजची झीज, कण म्हणजे तुटलेला दात. मला तो फरक डोळ्यांनी दिसला नाही. बोटांना मात्र कळला.

आणि टायर. मागचे दोन नवे, पुढचे जुने. ओझं मागं असतं म्हणून पिकअपचे मागचे टायर आधी जातात आणि मालक तेवढेच बदलतो. पैशाच्या हिशेबानं ते रास्तच आहे. मिस्त्रींनी पुढच्या आणि मागच्या टायरवर खडूनं एकेक खूण केली, गाडी खाली उतरवून ढकलत एक पूर्ण फेरा घेतला आणि फरशीवर उमटलेल्या खुणांमधलं अंतर टेपनं मोजलं. नक्षी तीन मिलिमीटर झिजली तर एका फेऱ्यात एकोणीस मिलिमीटरचा फरक पडतो. या मापाचं चाक किलोमीटरला सव्वाचारशेच्या वर फेरे घेतं. म्हणजे किलोमीटरमागं आठ मीटरचा तंटा. चिखलात चाक तेवढं घसरून घेतं, काही बिघडत नाही. सुक्या रस्त्यावर ते घसरू शकत नाही, मग तो ताण शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, ट्रान्स्फर केसच्या साखळीत पीळ भरत जातो.

वळताना हेच आणखी जोरात होतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. या गाड्यांत पुढच्या-मागच्यांचा हिशेब मिटवणारं मधलं डिफरन्शियल नसतं. म्हणून डांबरावर किंवा सिमेंटवर फोर-एच टाकून यू-टर्न घेतला की स्टेअरिंग जड होतं, टायर उड्या मारतात, आणि परत टू-एच करायला जावं तर निघत नाही. घाबरलेला मालक गिअर तुटला म्हणत येतो. मिस्त्री त्याची गाडी सरळ रेषेत थोडी मागं घेतात. आतला पीळ सुटतो, टक असा आवाज येतो आणि काटा आपसूक सरकतो. अशांकडून ते काहीच घेत नाहीत.

आता अडचण बघा. ही यंत्रणा महिन्यातून एकदा तरी काही किलोमीटर चालवावी, असं बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. तेल वर उडून सगळीकडं लागतं, सील ओले राहतात, मोटर आणि काटा गंजून धरत नाहीत. पण कुठं चालवायची? पुस्तकच सांगतं की पक्क्या रस्त्यावर टाकू नका, आणि मुंबईत पक्क्या रस्त्याशिवाय काही उरलं नाही. गल्लीबोळांपर्यंत सिमेंट पोचलंय. मिस्त्रींना चाचणीसाठी मोकळी माती शोधावी लागते. कधी ट्रक टर्मिनलच्या बाजूचा एखादा न झाकलेला तुकडा, कधी बांधकामावर पडलेला मुरुमाचा ढीग. रखवालदाराशी बोलून, चहापाणी करून तिथं एक चक्कर मारायची. आमच्या गाडीची त्यांनी तशीच चाचणी घेतली. स्टेअरिंग उजवीकडं पूर्ण दाबून भाच्यानं ढिगाऱ्यावर गाडी चढवली. पुढच्या दोन्ही चाकांनी मुरूम मागं फेकला आणि गाडी वर गेली. भाच्याचा चेहरा उजळला, मिस्त्री मात्र खाली बसून आवाज ऐकत होते.

या शहराचं आणि फोर-व्हीलचं नातं जुनं आहे. महिंद्रांच्या कंपनीनं 1940 च्या दशकाच्या शेवटी विलीज जीपची जुळणी सुरू केली ती इथल्याच माझगावात, अँटॉप हिलपासून अगदी हाकेच्या अंतरावर नाही, पण त्याच बंदरपट्टीत. त्या जीपला गिअरच्या दांड्याशेजारी दोन आखूड दांडे असत. एक पुढचा धुरा जोडायला, दुसरा हाय-लो करायला. मुळात हब सुटे करायची सोयच नव्हती, पुढचे शाफ्ट कायम फिरत. अमेरिकेत वॉर्न यांनी 1948 मध्ये सुटे होणारे हब बाजारात आणले, त्यानंतर ती पद्धत पसरली. मिस्त्री जीपवरच शिकले. सरकारी खात्यांच्या जीप, धरणांच्या कामांवरच्या जीप. दांड्यातून हाताला दात बसल्याचं कळायचं, म्हणतात. नॉबमधून काही कळत नाही, मधे वायर आली. मलाही दांडाच बरा वाटतो, आणि यात जुन्याचं प्रेम कमी, हिशेब जास्त आहे. ज्या यंत्राचा उपयोग वर्षातून थोडेच दिवस आणि तेही नेमका अडचणीत व्हायचा, त्याच्यात मधले टप्पे जितके कमी तितकं बरं. सिमेंटवर जगणाऱ्या, खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीत एक फ्यूज, एक मोटर, एक व्हॉल्व्ह आणि दोन रबरी नळ्या वाढवणं म्हणजे बिघडायच्या पाच जागा वाढवणं.

दुपारनंतर बिल झालं. नळी, गिअर ऑइल, ड्रेन बोल्टचं नवं वायसर, मजुरी. नळी शंभर-दोनशेची. दुसऱ्या बाजूचीही बदलून घेतली, वय दोघींचं सारखंच. मजुरी लावली होती ती नळी बदलायची आणि तेल भरायची, म्हणजे तासाभराच्या कामाची. सकाळपासून विचारलेले प्रश्न, शाफ्ट पिळून पाहणं, स्टेअरिंग कुठं होतं हे सुचणं, खडू आणि टेप, यातलं काहीच त्यात नव्हतं.

मी विचारलं, “मिस्त्री, शोधायचे पैसे कुठं आहेत यात?”

“बघायचे पैसे कोण देतं काका? खोललं तर देतात.”

हे मला मनापासून खटकलं, अजूनही खटकतं. पेटी उतरवून बाकावर पसरली की गिऱ्हाइकाला काम दिसतं, त्याचे दहा हजार तो कुरकुरत का होईना देतो. न उघडता, बसल्या जागी दोष कुठं नाही हे ठरवणाऱ्याला देत नाही. मग हाताखालचा मुलगा काय शिकणार? तो बघतोय की उघडणाऱ्या गॅरेजचा धंदा चांगला चालतो. आयटीआयमध्ये त्याला ट्रान्स्फर केस उघडायला शिकवली. ती कधी उघडायची नाही हे तो इथं, एका स्टुलाशेजारी उभा राहून शिकतोय, आणि त्या शिकण्याला बिलात रकाना नाही. असे मिस्त्री या पट्ट्यात आता थोडे उरलेत. जागांचे भाव आणि पुनर्विकासाच्या पाट्या बघता उरलेल्यांनाही इथं किती दिवस राहता येईल कोण जाणे.

भाच्यानं बिलाचा कागद परत त्यांच्यापुढं ठेवला आणि त्यावर ‘तपासणी’ असं लिहून रक्कम घालायला सांगितली. मिस्त्री नको नको म्हणत राहिले. मी आग्रह धरला, मुलालाही बोलावून घेतलं, कारण त्यानं ते बघावं असं मला वाटत होतं. शेवटी त्यांनी आकडा घातला, तोही मजुरीपेक्षा कमीच. भाच्यानं तो खोडून मजुरीइतका केला, पैसे दिले आणि पुढच्या महिन्यात मुरबाडला जाताना कच्च्या रस्त्यावर फोर-एच टाकून किती अंतर चालवायचं ते विचारून घेतलं.

“पाच-सात किलोमीटर बास. आणि पुढचे टायर बदला आता,” मिस्त्री म्हणाले, आणि बाहेर हॉर्न वाजवणाऱ्या टेम्पोवाल्याला त्यांनी हात करून आत घ्यायला सांगितलं.